सासूची अर्धी गोळी

ती घटना आठवली की आजही आधी तापीकाठचा फुटलेला कापूस डोळ्यांपुढे तरंगतो, आणि मग मी. एकोणीसशे साठच्या दशकातली, साडीवर पट्टा आवळून, जगातले सगळे खून आपल्यासाठीच राखून ठेवलेत अशा थाटात नंदुरबारच्या ठाण्यात बसलेली नवी जमादारीण.

खबर कासारणीने आणली. कोरीट गावाकडच्या एका गुजर घरातली सून वाळत चालली होती. घट्ट बसलेल्या बांगड्या आता कोपरापर्यंत घसरत होत्या. “सासू तिले काहीतरी चारी ऱ्हायनी, बाई!”

मी तिथेच विषप्रयोग ठरवून मोकळी झाले. पंचनाम्याची वाक्यंसुद्धा वाटेत जुळवली.

पोचले तेव्हा दुपार पेंगत होती. केळीची पानं डुलत होती की मी, कळेना. सासू झोपाळा भरून बसलेली. सून खांबाला टेकून धापा टाकत होती.

“सुनेशी भांडण होतं?”

“रोज.”

“तिला काय चारता?”

“मी खाते तेच.”

किती कोडगी बाई, असं मनात म्हणतेय, तोवर तिची औषधाची वेळ झाली. तिला साखरेचा आजार होता. अंगात इन्सुलिन असूनही लठ्ठ शरीर त्याला दाद देत नाही. थायरॉईड संप्रेरकाच्या गोळीने देईल का, हे एक डॉक्टर अशा रोग्यांवर तपासून पाहत होते. म्हातारीने ती गोळी अडकित्त्यात धरली. कट्! अर्धी स्वतःच्या तोंडात, अर्धी सुनेच्या तळहातावर.

“अहो, हे काय?”

“मन्ही सून शे ती. तिले सोडीसन मी एकली कशी खाऊ? तू बी दमेल दिसस. ले, तुले बी देस.”

खोटं कशाला बोलू, तेव्हाही पट्ट्याचं शेवटचं भोक वापरत होते. बारीक होण्याच्या मोहाने हात पुढे गेलाच होता!

सासू-सुनेला जीपमध्ये घालून त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. तिची छाती तपासताना डॉक्टरांचा चेहरा उतरला. “निरोगी माणसाला ही गोळी झिजवते, हृदय धावायला लावते. अजून काही दिवस चाललं असतं, तर हृदय बंद पडलं असतं.” मग सासूकडे वळून म्हणाले, “आजी, तुम्हाला चाचणीतून वगळावं लागेल.” म्हातारीचं लक्षच नव्हतं. ती पदराने सुनेला वारा घालत होती.

सुनेला विचारलं, “त्रास होत होता, तर नको का म्हणाली नाहीस?”

“कामं तं समदास्नी दिनात, बाई. खावाना वाटा फक्त यास्नी दिना. नही कसं म्हनू?”

सून वाचली. गुन्हा दाखल झाला नाही. तिचं वैर कोणाशी, हेच मी दुपारभर विचारत राहिले होते. पुढे नोकरीभर, घरातलं माणूस असं झिजताना दिसलं की आधी विचारायचे, याच्यावर सर्वांत जास्त जीव कोणाचा आहे?