डाव्या टोकाची घोडी

एप्रिल १९६० मध्ये आमच्या रिसाल्याची बारा घोड्यांची तुकडी मुंबईत आली. नवं राज्य जाहीर होईल त्या दिवशी संचलनात चालायचं, एवढंच काम होतं. तळ परळला, एका मोकळ्या आवारात. मी तुकडीचा क्लार्क दफेदार. माझं घर भोईवाड्यात, चालत दहा मिनिटांवर. पास मिळेपर्यंत चार दिवस मी तिकडे गेलो नाही.

पावणेपाचला पाणी, पाचला मालिश, सहाला खोगीर. प्रत्येक घोड्याच्या खुरावर नंबर डागलेला असे. त्या नंबरच्या क्रमाने घोडी बांधायची आणि त्याच क्रमाने चालवायची. हा क्रम कोणी मोडत नसे.

सत्तावीस नंबरची घोडी लान्स दफेदार बाबाजी परबकडे होती. बाबाजी लालबागचा, गाव मालवणकडे. त्याचा थोरला भाऊ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला होता. बाबाजी त्याविषयी बोलत नसे. त्याची आई परेड बघायला येणार होती. ज्या राज्यासाठी एक मुलगा गेला, त्याच्या पहिल्या दिवशी दुसरा घोड्यावर दिसावा, एवढंच तिचं मागणं होतं.

दहा एप्रिलला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही सरावासाठी दादरच्या दिशेने निघालो. रस्त्याकडेला एक व्हिक्टोरिया उभी होती. तिचा घोडा खिंकाळला. सत्तावीस जागीच थांबली. शेपूट उचलून थोडं थोडं मुतली आणि किंचाळली.

"टाच मारो!" रिसालदारसाहेब ओरडले.

बाबाजीने टाच मारली. घोडीने मागच्या दोन्ही पायांनी लाथा झाडल्या. शेजारच्या सवाराची नडगी मोडली.

तळावर परतल्यावर साहेबांनी मला बोलावलं.

"सत्ताईस बाहर. रिपोर्ट लिखो."

"क्या लिखूँ, साहब?"

"खतरनाक. कास्टिंग."

कास्टिंग म्हणजे जनावर फौजेतून काढणं. खतरनाक शेऱ्याचं जनावर कोणाला विकत नसत. त्याला गोळी घालत.

दुपारी बाबाजी माझ्या तंबूत आला.

"लिवलंस?"

"अजून नाही."

"तिच्यात खोड नाय रे. अलंगेर इली हा. माका कळता, तुका कळता, साहेबाकय कळता."

घोडी माजावर आली की ती अलंगेवर आली, असं आम्ही म्हणत असू. बाबाजी म्हणाला ते खरं होतं. सगळ्यांना कळत होतं. तरी अशा वेळी मागच्या पायांची दोरी आवळायची, दाणा अर्धा करायचा आणि टाच जास्त मारायची, हा आमच्याकडचा रिवाज होता. त्याला मस्ती उतरवणं म्हणत. रजिस्टरमध्ये 'मस्ती' हा शब्द माझ्याच अक्षरात होता.

मी रजिस्टर काढलं. सत्तावीसच्या नावावर हिवाळ्यात एकही तक्रार नव्हती. नंतर तीन होत्या: अठ्ठावीस फेब्रुवारी, वीस मार्च, दहा एप्रिल. दर वेळी मध्ये एकवीस दिवस. पुढचे एकवीस मोजले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काय झाला?"

"पुढची पाळी एक मेला येते. परेडच्या दिवशी."

बाबाजी म्हणाला, "बरा झाला. आदी कळला."

आम्ही दोघे साहेबांपुढे उभे राहिलो. मी तारखा दाखवल्या. बाबाजीने मागणी मांडली. घोडीला डाव्या टोकाला, शेवटच्या ओळीत ठेवायचं. मागे कोणी नको. शेजारी म्हातारी, शांत घोडी. टाच नको.

"नंबर की लाइन टूटेगी," साहेब म्हणाले.

"टूटेगी, साहब. टाँग नहीं टूटेगी."

साहेबांच्या मिशा हलल्या. "और बिगड़ी तो?"

"तो मैं भी बाहर, साहब."

"परब, तुम घोड़ी से ज़्यादा ज़िद्दी हो. रिपोर्ट परेड तक रोको."

वीस दिवस बाबाजीने तिला रोज डाव्या टोकालाच बांधलं. दाणा पुरा दिला. मागची दोरी सैल ठेवली. एकोणतीसला ती कान पाडू लागली. तीसला कुशीला ब्रश लागला तरी किंचाळायची. बाबाजीने ब्रश ठेवला आणि ओल्या फडक्याने मानेपासून सावकाश पुसलं. परेडच्या सकाळी सगळ्यांच्या आधी एक तास तिला चालवून आणलं.

एक मेला लालबागच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलऱ्यांत माणसं, कठड्यांवर माणसं. मी फूटपाथवर ड्यूटीला होतो. आठ वाजून वीस मिनिटांनी तुकडी आली. गर्दीमागून कुठलासा टांग्याचा घोडा खिंकाळला. सत्तावीस थांबली. शेपूट वर गेलं.

बाबाजीने टाच मारली नाही. लगाम ढिला सोडला आणि तिच्या मानेवर हात ठेवला. तुकडी दहा पावलं पुढे गेली. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "ए सरदार, धक्का मारू काय?"

फूटपाथवरून एक बाई मोठ्याने म्हणाली, "बाबाजी, तिका मारू नको हां!"

"नाय मारणंय गे, आये."

घोडीने शेपूट खाली केलं, नाकातून मोठा श्वास सोडला आणि चालू लागली. पुढच्या वळणाआधी ती आपल्या जागी पोचली होती.

संध्याकाळी साहेबांनी रिपोर्ट मागितला. 'खतरनाक'ची जागा मी कोरी ठेवली होती. त्यांनी स्वतः लिहिलं: 'पैदाशीस योग्य.' त्याच वर्षी घोडी पैदास केंद्रात गेली.

बाबाजी पुढे खेचरांच्या कंपनीबरोबर सीमेवर गेला. माझी बदली ऑफिसात झाली. त्याच्या प्रत्येक पत्रात एक ओळ असे: सत्तावीसचं काय? दोन वर्षांनी मला केंद्रातून कळलं आणि मी त्याला लिहिलं. उत्तर आलं नाही. तो लढाईत पडल्याची तार आली.

त्याचं सामान लालबागला आलं, तेव्हा आईने मला बोलावलं. ट्रंकेत दोन सदरे, एक ब्रश आणि माझ्या पत्राचं पाकीट होतं. पाकीट फोडलेलं होतं. घडीवर कागद झिजला होता.

"वाच," आई म्हणाली.

माझंच पत्र मी तिला वाचून दाखवलं. "घोडी व्याली. मादी शिंगरू झालं. दोघी ठीक आहेत."

तिने पदराने डोळे पुसले.

"म्हंजे ह्या त्याका कळला होता?"

"हो, आई. कळलं होतं."