बाह्यांची लोकर

ऐन उन्हाळ्यात लोकरीच्या दुकानात चिटपाखरू नसते. म्हणूनच रफूवाली मावशी त्याच दिवसांत तिथे जात असे. थंडीच्या तोंडावर बायकांची झुंबड उडाली की कोणीतरी हमखास विचारणार, "कोणासाठी गं?" आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्याची तिची छाती नव्हती.

"मावशी, पुन्हा एकच गुंडी?" दुकानदाराने पंख्याखालची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "करडी एक, मातकट एक, पांढरी एक, आज हिरवी एक. स्वेटर विणताय की कावळ्याचं घरटं?"

"तुला काय करायचंय? दे मुकाट्यानं."

"कमी पडली तर याच लॉटची पुन्हा मिळायची नाही. दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं?"

खरोखरच सांगण्याची गरज नव्हती. लोकांच्या कोटांची भोके बुजवण्यात तिची हयात गेली होती; जुन्या काळ्यात नवा काळा कसा उपरा दिसतो, हे ती रोज पाहत होती. दुकानदाराने तिच्यावर चिकटपणाचा शिक्का मारून टाकला. तो निष्कर्ष साफ चुकीचा होता.

लेकीला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा मावशीने पिवळ्या लोकरीचा अख्खा लॉट एकदम उचलला होता. सातवा लागायच्या आत स्वेटर, टोपरे, मोजे सगळे तयार. मग एका सकाळी लेक दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतली. मावशीने तो स्वेटर उसवला आणि लोकर ट्रंकेच्या तळाशी दडवली. त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. पण तिच्या मनाने एक निवाडा करून टाकला: घाई आपण केली, भोगले लेकीने. या निवाड्याला कसलाही आधार नाही, हे तिला कळत होते. कळत होते, पण वळत नव्हते.

आता लेकीला पुन्हा सहावा होता आणि ती माहेरी आली होती. तिने कूस बदलली तरी मावशीच्या काळजाचा ठोका चुके. म्हणून या स्वेटरची आखणीच निराळी होती: एका गुंडीचा एक पट्टा. करडा, हिरवा, मातकट, पांढरा. कोणत्याही पट्ट्यावर हात थांबला तरी काम अर्धवट दिसू नये. वेळ आलीच, तर उशीचा अभ्रा विणत होते, असे सांगता यावे.

दुपारी मावशी स्वेटरच्या आकारात कापलेल्या कागदावर त्या रंगांचे धागे टाचून पाहत होती. लेक पाठीमागे येऊन उभी राहिली.

"आई, हे काय?"

"अभ्रा. उशीचा."

"लोकरीचा? या उकाड्यात?" लेकीने कागद उचलला. "आणि उशीला गळा असतो होय?"

मावशी टाचण्या गोळा करू लागली.

"पिवळा एकही नाही," लेक हळूच म्हणाली. "आणि बाह्या कुठायत?"

"ठरवलं नाही अजून."

"ठरवलं नाहीस, की ठरवायला घाबरतेस?"

"घाबरते," मावशी म्हणाली. "बास? आता तो विषय नको."

"मीसुद्धा घाबरते गं. जरा वेळ पोटात हाललं नाही की श्वास रोखून बसते. पण म्हणून बाळाचे हात उघडे ठेवायचे? बाह्या पिवळ्या कर. दोन्हींची लोकर एकदम आण."

बाह्या म्हटल्यावर अभ्र्याची सबब संपली. मावशीने नको, नको म्हणून पाहिले. पण लेक बधली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानाच्या पायरीवर बराच वेळ घुटमळली. मग आत गेली.

"पिवळी. दोन गुंड्या, एकाच लॉटच्या."

दुकानदाराने दोन्हींवरच्या चिठ्ठ्या पडताळल्या. "आज दोन? उजाडलं म्हणायचं! कोणासाठी, मावशी?"

पिशवीचा बंद तिने बोटांभोवती आवळला.

"लेकीच्या बाळासाठी," ती म्हणाली.

दुकानात दुसरे कोणीही नव्हते. तरीही तिने मागे वळून पाहिले.