हवालदार रोकडे, प्रथम वर्ष कला

मी हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, की शेवटच्या बाकावरचे रोकडे उठून बाहेर जात. ताठ उभं राहून परवानगी मागत, पण माझ्या 'हो'साठी थांबत नसत. व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुऊन परतत आणि दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून बसत.

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन अशोक रोकडे आमच्या कर्जतच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आले, तेव्हा वय चाळिशीकडे झुकलेलं. मी तिथं इतिहास शिकवते. रोकड्यांचं घर दहिवलीत, मुलगी स्नेहल आमच्याच आवारात अकरावीला. "पलटणीनं पदवीच्या बरोबरीचा कागद दिलाय, मॅडम," ते एकदा म्हणाले, "पण कागदानं डोक्यात काय शिरतंय? मला खरंच शिकायचं हाय." पोरं त्यांना फौजीदादा म्हणत, त्यांच्या खणखणीत 'येस मॅडम'ची प्रेमानं नक्कल करत. कुणी खुशाली विचारली, की उत्तर ठरलेलं: "सब ठीक. चालू द्या."

हजेरीचं कोडं मी शेवटी त्यांनाच विचारलं.

"सकाळची गिनती मी घ्यायचो," ते म्हणाले. "आदल्या दिवशी गस्तीवरची माझी काही पोरं सुरुंगात गेली व्हती. मला म्हाईत व्हतं. तरी सवयीनं त्यांचीबी नावं पुकारली. आन् उत्तरासाठी थांबलो, मॅडम. सगळे माझ्याकडं बघत व्हते." मग लगेच, "सब ठीक. चालू द्या."

त्यानंतर मी नावं पुकारणं सोडलं. कागद फिरवून सह्या घेऊ लागले.

थंडीत कॉलेजमागच्या टेकडीवर रस्त्यासाठी सुरुंग लावायचं काम निघालं. पहिला बार उडाला तेव्हा माझाच तास चालू होता. खिडक्या हादरल्या. रोकड्यांनी शेजारच्या दोन मुलींना खाली दाबलं आणि "लेट जाओ! सब लेट जाओ!" ओरडत त्यांच्यावर पालथे पडले. आवाज विरला तरी उठेनात. मुली रडत होत्या. कुणीतरी हसलं. कुणीतरी मोबाइल काढला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला, स्नेहलच्या वर्गातही. घरी जाऊन ती म्हणाली, "पप्पा, तुमी नका ना येऊ आता कॉलेजला."

ते यायचे थांबले. बरेच दिवस झाले तेव्हा मी घरी फोन केला. त्यांच्या पत्नी सुनंदाताई गोंधळल्या. "असं कसं, मॅडम? ते तर रोज डबा घेऊन निघतात. कॉलेजलाच येतात ना?"

मी स्नेहलला बोलावून घेतलं. कॉलेजचा शिपाई म्हणाला, फौजीदादा रोज मागच्या वाटेनं वर जाताना दिसतात. आम्ही दोघी टेकडी चढलो.

सुरुंगाच्या जागेभोवती दोरी बांधली होती. तिला खेटून ते बसले होते. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला, हात गुडघ्यांवर, दात वाजत होते.

"पप्पा, काय करताय?"

"सवय करतोय गं. कानावर हात न ठेवता बसायचं. जमलं की वर्गात येतो. मग तुला कोण हसणार नाय."

स्नेहल त्यांचा दंड ओढू लागली. "मला नाय वाटत लाज. घरी चला. चला ना, पप्पा!"

"थांब. अजून एक बाकी हाय."

बाराच्या इशाऱ्याची शिट्टी वाजली. स्नेहलला काय वाटलं कोण जाणे, ती त्यांना बिलगून खाली बसली. बार उडाला आणि रोकडे ओरडू लागले. ती नावं होती. एकामागून एक, ते नावं पुकारत होते.

त्यांना लष्कराच्या इस्पितळात दाखल केलं. सुनंदाताई शेजारीपाजारी 'कंबरेचं दुखणं' सांगत राहिल्या. निवृत्तीनंतर विहारात ज्यांनी शाल घालून त्यांचा सत्कार केला होता, त्यांना दुसरं काय सांगणार?

रोकडे परतले ते सावकाश बोलत, औषधांनी जीभ जड झालेली. तरी वर्गात आले. पोरांनी त्यांची जागा राखून ठेवली होती. चांगलं चाललंय असं वाटत असतानाच एकदा मला व्हरांड्यात स्नेहल दिसली, दप्तर छातीशी धरून.

"तुझा तास नाही का?"

"हाय. पण पप्पा आत हायत ना."

ती रोजच तिथं उभी राहत होती. त्या दिवशी रोकड्यांनीही तिला खिडकीतून पाहिलं. तास संपल्यावर ते माझ्याकडं आले.

"मी येत नाय आता, मॅडम."

"मी समजावते तिला."

"समजावून नाय ऐकायची. माझीच पोर हाय." त्यांनी वही पिशवीत घातली. "इतकी वर्षं पहारा दिला, तो पोरांनी घरात बिनघोर राहावं म्हणून. आन् आता तिनं माझ्यावर पहारा द्यायचा?"

त्यांनी टाचा जुळवल्या आणि निघाले. स्नेहल बाहेरच होती.

"जा वर्गात," ते म्हणाले.

ती हलली नाही. ते फाटकाकडे चालू लागले. थोडं अंतर ठेवून, तीही मागोमाग निघाली.