आर्मरर तात्यांची दुनळी

‘घटनास्थळी तीन गोळ्या सापडल्या’ असं पेपरात छापून आलं, की आर्मरर तात्यांचा चहा गार व्हायचा. पेपर गुडघ्यावर ठेवून समोर जो कुणी असेल त्याला ते विचारत, ‘गोळ्या का पुंगळ्या?’ समोरच्याला बहुतेक वेळा यातलं काही माहीत नसायचं. मग तात्या सावकाश सांगायचे, ‘गोळी म्हंजे नुस्तं टोक. उडून जाती ती गोळी. मागं पडती ती पुंगळी. पुंगळी, टोपी, दारू, गोळी, सगळं मिळून काडतूस. आन आपल्या दुनळीत तर गोळी बी नसती, छर्रे असत्यात.’ ‘जिवंत काडतूस’ हा पेपरवाल्यांचा शब्द मात्र त्यांना फार आवडायचा. ते म्हणायचे की कधी कधी ही माणसं बरोबर लिहितात.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. उंब्रजच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी फौजेत आहे. बाकीच्यांनी बंदुका चालवल्या, तात्या आर्मरर, त्यांनी त्या दुरुस्त केल्या. त्यामुळे पारावर इतर पेन्शनर बर्फाच्या आणि सीमेच्या गोष्टी सांगत, तेव्हा तात्यांकडे सांगायला फक्त स्प्रिंगा असायच्या. एकदा कुणीतरी, ‘तात्या, तुमी कुणाला मारलं का न्हाई कवा?’ असं विचारलं. तात्या म्हणाले, ‘माझ्या हातनं गेलेली एक बी रायफल अडकली न्हाई. बाकीचं तुमीच धरा.’

मी सांगलीत इंग्रजी शाळेत शिकलेली. सुट्टीत गावी गेले की माझ्या मराठीवर चुलत भावंडं हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. तात्यांजवळ बोलावं लागत नसे. ओसरीवर पोतं अंथरून ते आपली दोन नळ्यांची बंदूक, दुनळी, उलगडत, आणि एकेक भाग माझ्या हातात देऊन त्याचं नाव सांगत. ते मला ‘इंग्लिश मॅडम’ म्हणत, पण त्यांच्या तोंडी ते टोचायचं नाही. लोक ‘घोडा ओढला’ म्हणतात ते चूक, हे मी तिथंच शिकले. बोटानं ओढतात तो चाप. घोडा वरून आपटतो. आतून माई, तात्यांची बायको, ओरडायची, ‘देवाला बी कवा असं पुसलं न्हाई ह्यांनी.’ तात्या तेलाचं फडकं फिरवत राहायचे.

बारा बोअर म्हणजे काय, हा त्यांचा आवडता प्रश्न. एक रतल, म्हणजे साधारण अर्धा किलो, शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा बारीक. शेजारच्या गावातले एक बागायतदार आपली सोळा बोअरची बंदूक मोठी म्हणून मिरवत. तात्यांनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. ‘खुशीत हाईत, ऱ्हाऊ द्या,’ म्हणाले. एकदा तात्या रायफलीत काडतुसं भरायच्या मॅगझीनबद्दल सांगत होते, तेव्हा मी धीर करून म्हटलं की शाळेत आम्ही मॅगझीन वाचतो. ते खूप हसले. फौजेत दारूगोळ्याच्या कोठारालाही मॅगझीनच म्हणतात, म्हणाले. शब्द मुळात गोदामाचाच. तुमच्यात गोष्टी ठेवल्या, आमच्यात राउंड, म्हणजे काडतुसं.

ती दुनळी उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी होती. बार हवेत काढायचा, एवढंच. पण वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती कोयते आणि ट्रॅक्टरच्या पान्यांशेजारी पाटावर बसायची. पाटावर ठेवण्याआधी तात्या ती मधून मोडून उघडत, उजेडाकडे धरून नळ्यांतून आरपार बघत, ‘खाली’, म्हणजे रिकामी, म्हणत, आणि मग दुसऱ्या माणसाच्या हातात देत. त्यानंही बघून ‘खाली’ म्हटल्याशिवाय बंदुकीला हळदकुंकू लागत नसे. मी कॉलेजात गेल्यावर ते दुसरं माणूस मी झाले. अण्णाकाकांना, म्हणजे त्यांच्या मुलाला, हे थोडं लागलं असावं. ती बंदूक पुढंमागं आपल्या नावावर व्हावी, असं त्यांच्या मनात होतं.

मग तात्यांची नावं हरवायला लागली. माणसांची नव्हे, आधी भागांची. चापावर बोट ठेवून ते ‘हे, हे आपलं...’ म्हणत थांबायचे. मी हळूच शब्द पुढं करायचे. घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण त्या नावांकडे घरात कुणाचं लक्षच नव्हतं. एका दुपारी फडकं खाली ठेवून ते म्हणाले, ‘तुला दिसतंय. घरात बोलू नगंस. बंदूक काढून घेत्याल.’ मी मान डोलावली. चाळीस वर्षं हातात हत्यार असलेल्या माणसाला ते मागायला लागावं, हे मला बघवत नव्हतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटासमोर लहान पोरं दाटीनं बसली होती. तात्यांनी दुनळी उघडली, उजेडाकडे धरली, ‘खाली’ म्हणाले आणि माझ्याकडे दिली. उजव्या नळीच्या मागच्या टोकाशी काडतुसाची पितळेची कड चकाकत होती.

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. काडतूस मुठीत घेता आलं असतं. पण समोर पोरं होती, आणि दुसऱ्यांदा बघायला मी तिथं कायम असणार नव्हते. मी म्हटलं, ‘तात्या, खाली नाही.’

त्यांनी बंदूक परत घेतली. पुन्हा उजेडाकडे धरली. काडतूस बाहेर काढून तळहातावर ठेवलं, ओठ हलले, पण त्याचं नाव आलं नाही. मग ते अण्णाकाकांना म्हणाले, ‘दसरा झाला की चौकीत जमा करायची.’

अण्णाकाका म्हणाले, ‘आवं, चुकून ऱ्हायलं आसंल. माझ्या नावावर करू की.’

‘मी बघितलं, खाली म्हनलो, आन ती भरल्याली हुती,’ तात्या म्हणाले. ‘आता हितं नगं.’

दसऱ्यानंतर मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. फडक्यात गुंडाळलेली दुनळी ते बाळासारखी मांडीवर घेऊन बसले होते. सही त्यांनी स्वतः केली.

पुढं ते रोज बंदूक शोधू लागले. अण्णाकाका त्यांना, दुरुस्तीला दिलीय, असं सांगायचे. त्यानं तात्या आणखी अस्वस्थ व्हायचे. कुणाकडं दिली, त्याला येतं का, असं विचारत अंगणात फेऱ्या मारायचे. म्हणून मी गावी असले की खरं सांगायचे. ऐकून त्यांचा चेहरा पडायचा, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मग म्हणायचे, ‘मीच दिली? मग बरं केलं.’

शेवटच्या पावसाळ्यात मी गेले, तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. ‘या बाई, बसा,’ म्हणाले. थोड्या वेळानं भिंतीवरच्या मोकळ्या खुंटीकडं बघून त्यांनी विचारलं, ‘हितली बंदूक कुठं गेली?’

मी म्हटलं, ‘चौकीत जमा केली.’

‘कुणी?’

‘तात्यांनी.’

हा तात्या कोण, ते त्यांना आठवत नव्हतं.

‘शाना मानूस आसंल,’ म्हणाले.