वेटिंग रूममधलं शिलाई मशीन

गावाला येणारी रेल्वेगाडी बंद झाली आणि माझ्या आतोबांनी स्टेशनाच्या रस्त्याने जाणंच सोडलं. ते तिथले शेवटचे स्टेशन मास्तर. भाजी आणायलासुद्धा गल्लीबोळांतून वळसा घालून जायचे. आत्या कपडे शिवायची, आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुईत दोरा ओवता ओवता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

एक दिवस तिने रेल्वेच्या कचेरीत जाऊन बायकांची वेटिंग रूम भाड्याने मागितली. कबुतरांपेक्षा भाडेकरू बरा, म्हणून साहेबांनी लगेच देऊन टाकली. मशीन हातगाडीवर चढलं तेव्हा आतोबा दारात आडवे उभे.

"सगळ्या गावात तुला तीच जागा मिळाली?"

"तिथे उजेड आहे," आत्या म्हणाली. "सरका."

पुढे वेटिंग रूमचं छप्पर गळायला लागलं. नव्या झग्यांवर पाणी टपकलं तेव्हा आत्या घरी येऊन म्हणाली, "कौलं बसवायला मी चढते. शिडी धरायला तेवढं माणूस हवंय." आतोबा घुश्शातच निघाले. तिथे पोचल्यावर मात्र तिला खाली उतरवून स्वतःच वर चढले. दुसऱ्या दिवशी बाकं घासायला गेले, मग घंटेला पॉलिश करायला. रुसवा कधी गेला, त्यांनाही कळलं नाही.

बऱ्याच वर्षांनी नगरपालिकेने रेल्वेकडून घेतलेली स्टेशनाची इमारत पाडून वाहनतळ करायचं ठरवलं आणि सभा बोलावली. आतोबा बोलायला उठले, पण दोन शब्द बोलून तसेच खाली बसले. मग गळ्यात टेप घेऊन आत्या उभी राहिली.

"पाडा की. फक्त अध्यक्षांच्या लेकीचे लग्नाचे कपडे आत आहेत, ते शिवून होऊ देत. मग डॉक्टरीणबाईंचे. मग तिकडे मागे बसलेत त्यांची विजार, ती अजून बेतायचीये."

सभागृहात हशा पिकला. तो ओसरला तसा बेकरीवाला हळूच म्हणाला, "माझ्या आईने मला शेवटचा निरोप दिला तो त्याच फलाटावर." त्याच्यामागून एकेक जण उठत गेला. कुणी तिथे नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं होतं, कुणी नोकरीला निघालं होतं. अध्यक्षांनी ठराव पुढे ढकलला, आणि पुढे तो बारगळलाच. गावकऱ्यांनी हातभार लावून भिंती सावरल्या आणि तिकीटघरात वाचनालय सुरू केलं.

उद्घाटनाला आतोबांनी गणवेश घालावा असं सगळ्यांना वाटत होतं. कोटाची बटणं काही केल्या लागेनात. आत्याने वेटिंग रूममध्ये त्यांना हात वर करून उभं केलं आणि कोटाच्या शिवणी सैल करायला घेतल्या.

"श्वास घ्या की जरा."

"घेतला तर सगळं उसवेल."

आता तिथे येणाऱ्या प्रत्येकाला आतोबा जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगतात, त्याही फलाटावरच्या आवाजात. आतून आत्या ओरडते, "अहो, हळू! माझी टीप वाकडी जातेय."