डाव्या हातातलं वांगं

माझ्या वडिलांना नाना म्हणणारी जगात मी एकटीच होते. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत त्यांना सगळे भाऊ म्हणत, गावाकडे आबा म्हणत, आई तर कुठलंच नाव न घेता ‘अहो’वर भागवायची. नाना फक्त मी. एकुलत्या एका मुलीला एवढा हक्क असायला हरकत नव्हती.

मग मी धुळ्याला मेडिकलला गेले. पहिल्याच महिन्यात नाना डबा घेऊन होस्टेलवर आले, तेव्हा खोलीतल्या बाकीच्या मुली त्यांना रीतसर ‘काका’ म्हणाल्या. माझी रूम पार्टनर साक्रीकडची, तिच्या जिभेवरून अहिराणी कधी उतरली नाही. ती पुढे झाली, पाया पडली आणि म्हणाली, “नाना, मी साक्रीकडनी शे.”

नाना असे खूश झाले, जणू हरवलेली लेक सापडली. माझ्यासाठी आणलेल्या केळीच्या वेफर्सची पिशवी त्यांनी तिच्या हातात दिली. “दोघी मिळून खा,” म्हणाले. त्या ‘दोघी’नं माझं डोकं उठवलं ते पुढची सगळी वर्षं. घरून येणारा प्रत्येक डबा दोघींचा, दिवाळीचं कापड दोघींचं. मी काही बोलले की आई म्हणायची, “तिले बाप नई, अन् तू एवढं का करते?” तिला वडील नव्हते, हे खरंच होतं. पण म्हणून माझे वापरायचे का, हा माझा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला कुणी दिलं नाही.

बरं, ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती हुशार होती, साधी होती, आणि तिचे हात देवानं फुरसतीत केले होते. डिसेक्शन हॉलमध्ये आमच्या टेबलाला एक मेंदू मिळाला. त्याची उजवी बाजू तिला आली, डावी मला. त्या दिवशी मेंदूच्या बुडाच्या धमन्या सोडवायच्या होत्या. त्यातली एक फार नाठाळ. मानेतून वर आलेल्या मोठ्या धमनीला ती फुटते, मेंदूचा देठ म्हणजे मेडुला, त्याला वळसा घालते, गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसांच्या बारीक मुळांमधून अंग चोरून निघते आणि शेवटी लहान मेंदूच्या पोटाखाली जाऊन पसरते. पुस्तकातलं नाव हातभर लांब, म्हणून आम्ही तिला नुसतं ‘पिका’ म्हणायचो. लहान मेंदूला रक्त देणाऱ्या धमन्यांत सर्वांत मोठी आणि सर्वांत वाकडी तीच. प्रत्येक माणसात तिची तऱ्हा वेगळी. एकाच डोक्यात उजवी एक चालीची, तर डावी दुसऱ्याच.

मी चिमट्यानं वरचा पातळ पडदा ओढला आणि पडद्याबरोबर माझी पिका तुटून हातात आली. तिनं तिची पुऱ्या वळणासकट मोकळी केली. एक नस दुखावली नाही. सरांनी सगळा वर्ग आमच्या टेबलाभोवती गोळा केला आणि तिचं काम दाखवलं. माझी बाजू त्यांनी हातानं झाकून धरली, तो उपकार मला जास्त झोंबला. त्या रागात मी ती धमनी अशी पाठ केली की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. कुठून निघते, कशाकशाला रक्त देते, बंद पडली तर काय काय जातं, सगळं.

सुटीत घरी आल्यावर मी हे ज्ञान नानांना ऐकवलं. ते बॉयलरवर कामाला होते. दिवसभर नळ्यांशी झुंजून आलेले, माझं ऐकता ऐकता जांभया द्यायला लागले. पुढच्या खेपेला ती माझ्याबरोबर आमच्याकडे राहायला आली. तिनं भाजीच्या पिशवीतून एक कांदा काढला, त्याला सुतळीचा वेढा दिला आणि म्हणाली, “नाना, हाई नळी दखा. इतली वाकडी शे.” नाना खुर्ची सरकवून पुढे आले. कुठं अरुंद होते, कुठं गाळ बसतो, बंद पडली तर पाणी दुसरीकडून फिरवता येतं का, असं काय काय विचारत बसले. “वाकडी नळीच आधी चोंदते,” त्यांनी शेवटी निकाल दिला. हेच सगळं मी आधी सांगितलं होतं. फक्त मी कांदा वापरला नव्हता.

आमची इंटर्नशिप संपली त्या हिवाळ्यात नानांनी शेतात भरिताचा बेत ठरवला. आमचं थोडं कपाशीचं रान जामनेर रस्त्याला होतं, ते माझे काका बघायचे. “दोघी डॉक्टर झाल्या, दोघींच्या नावानं,” असं नाना सगळ्यांना सांगत सुटले. मी ओठ मिटून कोथिंबीर निवडत होते.

आमच्याकडे भरिताच्या वेळी वांगी सोलायचं काम नानांचं. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळात हिरवी, थोराड वांगी भाजायची, साल काळी पडली की बाहेर ओढायची आणि नानांनी ती तशीच हातानं सोलायची. बॉयलरवाल्याचे हात, त्यांना कशाचा चटका, असं सगळे कौतुकानं म्हणायचे आणि नानाही ते खपवून घ्यायचे. पण चटका त्यांना बसायचा. लहानपणापासून मी त्यांच्या डाव्या हाताशी बसत आले होते, म्हणून मलाच ठाऊक होतं. ते दातांतून अगदी बारीक ‘स्स’ करायचे आणि वांगं या हातातून त्या हातात झेलत राहायचे. पहिल्या वांग्याचा मऊ गर, वर मिठाचे दोन खडे, माझ्या तळहातावर यायचा. तोही झेलून झेलून सोसेल इतका निववलेला. हा गर मी दात यायच्या आधीपासून खात होते.

त्या दिवशी सकाळी नानांना गरगरलं होतं. एकदा उलटी झाली, मग उचकी लागली ती थांबेना. आई म्हणाली पित्त झालं. काका म्हणाले जागरण झालं. नाना स्वतः म्हणाले, “काय झालं नई मले,” आणि आवाज घोगरा निघाला, तर तो धुरावर ढकलला. हातपाय तर चांगले चालत होते. चालताना ते उजवीकडे जरा कलत होते, पण नांगरटीच्या ढेकळांत कोण सरळ चालतं?

दुपार कलल्यावर वांगी बाहेर निघाली. नाना बसले, मी नेहमीच्या जागी बसले, ती समोर बसली. मी त्यांच्याकडे बघत होते. खरं तर ते तिच्याकडे किती वेळा बघतात, हे बघत होते. त्यांनी पहिलं वांगं सोललं. उजव्या हाताची बोटं सालीला नीट भिडत नव्हती, दोनदा चुकली. डाव्या हातात वांगं गप्प बसलं होतं, हललं नाही, की झेललं गेलं नाही. ‘स्स’ही नाही. मला वाटलं, तिच्यासमोर शौर्य चाललंय. माझ्यासमोर स्स-स्स, आणि पाहुण्या लेकीसमोर पहिलवानकी!

मग त्यांनी डाव्या तळहातावरच गर काढला, मीठ घातलं आणि म्हणाले, “ये वं माय, आज तू पह्यली.”

आणि तो तिच्या हातावर ठेवला.

माझा पुढे गेलेला तळहात तसाच रिकामा राहिला. तेवढ्यात ती किंचाळली. गर खाली पडला, तिनं हात झटकला. “नाना, हाई तं निस्ता इस्तो शे!”

नानांनी गोंधळून आपल्या डाव्या तळहाताकडे पाहिलं. तो लालबुंद झाला होता. “मले तं काहीच लागलं नई,” ते म्हणाले.

तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. जाळासमोर बसून त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू घामानं निथळत होती आणि उजवी कोरडी ठणठणीत. उजवी पापणी खाली आलेली. आणि त्याच डोळ्याची बाहुली, बुबुळातला काळा ठिपका, दुसऱ्यापेक्षा बारीक. घाम नाकाच्या सरळ रेघेत थांबला होता. रागानं पाठ केलेलं पान समोर उघडलं होतं. उजवी पिका बंद पडली की तोंडाची उजवी बाजू आणि अंगाची डावी बाजू गरम-थंड विसरते. तोल जातो, उचकी लागते, आवाज बसतो. आणि गिळणं जातं.

नानांनी उचकीसाठी पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला होता. मी तो हिसकावला आणि लांब भिरकावला.

काय गोंधळ उडाला! काका ओरडले. आई तर माझ्या अंगावरच आली. “बापाले पानीबी पिऊ देत नई? एका घासासाठी?” सगळ्यांना वाटलं, पहिला गर तिला गेला म्हणून मी थयथयाट करतेय. तसं वाटण्यासारखाच माझा लौकिक होता. मी ओरडून सांगत होते की हा मेंदूचा झटका आहे, पाणी छातीत उतरेल, काही देऊ नका. आई म्हणत होती, “हात हालते, पाय हालते, मंग कशाचा झटका?” नाना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते तिचा भाजलेला हात बघत होते.

तिनं हात बादलीत बुडवलेला होता. तसाच बाहेर काढून ती नानांसमोर बसली, एकदा पापणी पाहिली, एकदा घाम पाहिला. “नाना,” ती म्हणाली, “ती खरं सांगी राह्यनी. कांदावरनी ती नळी आठवस ना? तीच चोंदनी शे. पानी पिऊ नका. उठा, दवाखानामा चाला.”

नाना लगेच उठले. माझा घसा फुटला तेव्हा हलले नव्हते, तिच्या दोन वाक्यांना उठले. काकांच्या जीपमध्ये त्यांना कुशीवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं. जळगावपर्यंत ती त्यांचा हात धरून होती. मला डोकं मिळालं होतं, तरी मी तिच्या हातातल्या त्या हाताकडे बघत होते.

जळगावच्या डॉक्टरांनी टाचणी आणि गरम पाण्याची नळी घेऊन नानांचं अंग तपासलं आणि म्हणाले, “बरोबर ओळखलंत. बऱ्याचदा खरा अडथळा मानेतून येणाऱ्या मोठ्या धमनीतच असतो, पण मार बसतो तो पिकाच्या याच जागेला. पाणी दिलं असतं तर फुप्फुसात गेलं असतं.” पहिले काही दिवस डॉक्टरांना धास्ती होती ती सुजेची. लहान मेंदूची खोली मागे अगदी अडचणीची असते, तिथं सूज आली तर मेंदूच्या देठावर दाब येतो आणि माणूस बघता बघता जातो. शाबासकी देताना डॉक्टर तिच्याकडे बघत होते, कारण हकीकत तिनं सांगितली होती. ती म्हणाली, “सर, हिनं ओळखलं.” तिच्या त्या चांगुलपणाचाही मला राग आला. मला मिळायचं तेही तिच्या हातूनच मिळत होतं.

सूज आली नाही. नाकातून नळी घालून नानांना पोसलं. पुष्कळ दिवसांनी ते हनुवटी खाली धरून चमचा चमचा गिळायला शिकले. आवाज थोडा फुटकाच राहिला. डाव्या अंगाला गरम-थंड मात्र परत कळलं नाही. आंघोळीचं पाणी आई आधी स्वतः बघायची.

पुढच्या हिवाळ्यात नाना हट्टानं पुन्हा जाळापुढे बसले. ती धुळ्याला नोकरीवर होती, येणार नव्हती. मी मनातून खूश होते, खोटं कशाला सांगू? त्यांनी आता वांगं उजव्या हातात धरलं होतं. बारीक ‘स्स’ ऐकू आलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी झेलून झेलून निववलेला गर माझ्या हातावर ठेवला. मला राहवलं नाही. गेल्या वर्षी तो तिला का दिला, असं मी विचारलंच.

नानांनी काड्या पुढे सारल्या.

“तिले दिला तं ती वरडली,” ते म्हणाले. “तुह्या हातावर ठेवला असता तं तू वरडली असती का? हात जळला असता, तरी मूठ झाकून बसली असती. तिच्यासमोर. मंग मी पानी पेलो असतो.”

तसंच झालं असतं. गर मी सोडला नसता.

तिच्या तळहातावर अंगठ्याखाली अजून तो डाग आहे. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या होत आलो. भेटली की ती हात पुढे करून म्हणते, “हाऊ दख, नानानी खूण.” नाना जाऊन कितीतरी वर्षं झाली. माझ्याजवळ त्यांचा चष्मा आहे, घड्याळ आहे, कॉलनीतली खुर्ची आहे. अंगावर काही नाही. मी तो डाग बघते आणि माझा हात मागे घेते.