इंजिन गार होईपर्यंत

रझाकारांचे दिवस. तरणी लेक सोबत होती, म्हणून अंधाराआधी लातूर गाठायलाच हवं होतं. रेणापूरजवळ मोटारीच्या इंजिनातून पाणी गळू लागलं. ड्रायव्हर निवांत बिडी पेटवून बसला.

"अहो, नट आवळा की," मी म्हणाले.

"गरम हाय तवर न्हाई, बाई. हेड, ह्ये इंजिनाचं वरचं झाकण, वाकडं झालं तर रात हितंच."

लांब धूळ उठली; रझाकारच असतील, असं वाटलं. तो उलटा हात इंजिनाला लावून बघत राहिला. मग उठला, एक नट इकडचा, एक समोरचा, असे थोडे थोडे आवळले. पाणी भरलं. गळती थांबली, आणि धूळ जवळ यायच्या आत मोटार सुटली.

लातुरात उतरले तेव्हा त्याला बिडी पेटवता येत नव्हती, एकामागून एक काड्या मोडत होत्या. काडी मीच ओढून दिली.